बागेत टाकलेला गळ

सासऱ्यांना मासे धरायला मी सार्वजनिक बागेत नेलं.

(वाक्य पुन्हा वाचू नका. पहिल्यांदा वाचताना जेवढा मूर्खपणा दिसला, तेवढाच त्यात आहे.)

आण्णा राहणारे करमाळ्याकडचे, उजनीच्या पाण्याकाठचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला सोलापुरात आमच्याकडे आलेले. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. तिसऱ्या दिवशीच त्यांनी पिशवी भरली.

"हितं भिंती बघून डोळा बरा हुतोय व्हय? दुपारच्या गाडीनं चाललो मी."

उद्याच डॉक्टर डोळा तपासणार होते. बायकोनं, म्हणजे सुनंदानं, मला स्वयंपाकघरात ओढलं. "आण्णा आज त्या गाडीत बसले, तर शेजारच्या सीटवर तुम्ही बसायचं. आणि परत यायची घाई करू नका!"

मी बाहेर येऊन ऐटीत म्हणालो, "आण्णा, गळ टाकायला जायचं का? आपल्या सोलापुरात तळ्याला लागून बाग आहे. बसायला बाक, वर सावली. उजनीला आहे का असली सोय?"

आण्णांनी पिशवीतून गळ काढला. (ऑपरेशनला येताना माणूस गळ घेऊन येतो!) सुनंदानं कणीक मळून दिली.

बागेत बाक होता, सावली होती. पण बाक आणि पाणी यांच्यामध्ये छातीएवढी जाळी होती, जाळीवर 'मासे पकडण्यास सक्त मनाई' अशी पाटी होती, आणि पाटीखाली शिट्टी घेतलेला वॉचमन होता.

"सोय कुटं हाय, पावनं?" आण्णांनी घड्याळ चाचपलं. "गाडी घावंल अजून."

तेवढ्यात जाळीपाशी एक मावशी पाण्यात कणकेचे गोळे टाकताना दिसल्या. मासे चारून पुण्य जोडत होत्या. वॉचमन त्यांना काहीच बोलत नव्हता! मला युक्ती सुचली.

"आण्णा, आपणही पुण्यच करतोय असं दाखवायचं. आपला गोळा फक्त दोरीला बांधलेला! तुम्हाला वाकायला बंदी आहे, तुम्ही बाकावरूनच टाका. मी पुढं आडोसा धरतो."

मी जाळीला पोट लावून उभा राहिलो आणि हसऱ्या चेहऱ्यानं मासे चारू लागलो. मागं सुर्रकन आवाज झाला. पाण्यात काहीच पडलं नाही. माझ्या पँटला मात्र मागच्या बाजूला काहीतरी टोचलं.

एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही, हे डॉक्टर सांगून थकले होते.

आणि वॉचमन आमच्याकडेच निघाला!

"आण्णा," मी ओठ न हलवता म्हणालो, "ओढू नका."

"गप! लागलाय!" मागून आण्णांचा दबका आवाज आला आणि झटका बसला. मी दोन पावलं मागं.

"काय चाललंय, काका?" वॉचमन.

"मासे चारतोय की!" पुन्हा झटका. मी कमरेत वाकलो.

"लई मोठा हाय, पावनं! जोर करतोय!"

"जरा हिकडं या," वॉचमन म्हणाला.

"नको. मी इथंच बरा आहे."

"घेतलीय का सकाळ सकाळ?"

"देवाशपथ नाही हो!" तिसरा झटका! चर्रर्र आवाज झाला, आणि जिथं वारा लागू नये तिथं लागला. वॉचमननं उन्हात चमकणारी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, हातातल्या काठीवर उचलली. एक टोक आण्णांच्या हातात, दुसरं माझ्या पँटीत. शिट्टी वाजवायला त्यानं गाल फुगवले, पण हसू आधी फुटलं. शिट्टी तोंडातून खाली पडली.

मावशींनी पदर डोळ्यांवर घेतला. "पुरुषमानसानं असं उबं ऱ्हायाचं व्हय रे देवा!"

वॉचमननं गळ जप्त केला. आम्ही रिक्षानं घरी आलो, मी कमरेला आण्णांच्या खांद्यावरचा टॉवेल गुंडाळून. रस्ताभर आण्णा घड्याळ चाचपत होते. दुपारच्या गाडीला अजून वेळ होता. आता सीटचं रिझर्वेशन दोघांचं करायचं की एकाचं, एवढाच प्रश्न उरला होता.

दारात सुनंदा उभी. "आण्णा, काय घावलं का?"

आण्णांनी चष्मा काढून कोपऱ्यातल्या भरलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खांदे हलायला लागले. उघडा डोळा पुसत त्यांनी पिशवी उचलली आणि खुंटीला अडकवली.

"ऱ्हातो चार दिस. असली करमणूक गावाकडं न्हाय. आन घावलं की! लई मोठं घावलं, पोरी. पन खायच्या कामाचं न्हाय."