बाटलीवर नाव रेणूचं

भूत, नजर, संकेत... असलं काही मी कधीच मानलं नाही. शाळेत विज्ञान शिकवते. मुलांनी विचारलं तर हसण्यावारी न्यायचे. आता हसू येत नाही.

आम्ही जबलपूरचे, वडिलांच्या फॅक्टरीतल्या नोकरीपासून इथेच. माझ्या धाकट्या भावाची बायको रेणू, तिला आठवा महिना. दर तपासणीला लघवी द्यावी लागे. क्लिनिकच्या बाथरूमची तिला भारी किळस, म्हणून घरूनच बाटली भरून न्यायची. त्या दिवशी गोहलपूरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात ऑटो असा उसळला की झाकण निघालं आणि सगळं माझ्या साडीवर! दोघी पोट धरून हसलो.

"ताई, तुम्हीच देऊन द्या नं," क्लिनिकमध्ये ती म्हणाली. "काय फरक पडते? दर वेळी प्रोटीन निलच तर येते. डोकं दुखून राहिलं माझं, आता काही होणार नाही."

दिली मी. बाटलीवर नाव रेणूचं.

सिस्टरने तपासणीची पट्टी त्यात बुडवली. पिवळी पट्टी बघता बघता गर्द हिरवी झाली. "प्रोटीन थ्री प्लस है, दीदी. मैडम ऑपरेशन में हैं, रुकिए. आज ही भर्ती करेंगी."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. रविवारी डोहाळेजेवण होतं. आणि भरती कशाला, ते प्रोटीन तर माझं! खरं सांगायची लाज वाटली. "अभी आते हैं" म्हणून आम्ही सटकलो. संध्याकाळी सराफ्याजवळच्या लॅबमध्ये मी माझी लघवी तपासून घेतली... निल. म्हणजे क्लिनिकच्या पट्ट्याच खराब, असं मीच रेणूला ठणकावून सांगितलं. तिचीही तपासून घ्यावी, हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात रेणूला झटके आले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. दुपारी ती गेली.

तिथले डॉक्टर भावाला म्हणाले, "पेशाब में प्रोटीन बहुत था. पहले पता चल जाता तो शायद बचा लेते."

कळलं होतं. मला कळलं होतं!

भावाला अजून सांगितलेलं नाही. इथेच पहिल्यांदा लिहितेय.

तिचा आजार माझ्या लघवीत कसा दिसला? पट्ट्यांची डबी आणून ठेवली आहे, दर रविवारी स्वतःची तपासते. एकदा तरी हिरवी होऊ दे... म्हणजे त्या दिवशीचा आजार माझाच होता, असं मला म्हणता येईल.

पट्टी पिवळीच राहते.