ठमीने बांधलेला पाय

उरणच्या अलीकडे, बंदराच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या गावात कोणाची शेळी लंगडली की तिला उचलून थेट ठमीच्या पडवीत आणायचे. रस्त्यावरचे ट्रेलर वाढले तशी ठमीची कामंही वाढली. शाळेत किती गेलीस असं विचारलं तर ही पन्नाशीतली बाई नुसती हसायची, पण हाड नेमकं कुठे मोडलंय ते तिच्या बोटांना कळायचं. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, मऊ फडक्याची घडी ठेवायची, वर बांबूच्या कामट्या आणि पट्टी. खूर मात्र उघडा. घडीघडी त्याला हात लावून बघायचं, गार लागला की पट्टी सैल करायची. सरकारी डॉक्टरसुद्धा दुखण्याचं इंजेक्शन देऊन म्हणायचे, "बांधायचं काम मावशींचं."

दांडगाईने बरं करणाऱ्यांचा तिला भारी राग. "त्याचं तोंड कशाला दाबता? वरडू द्या. कुठं दुखतंय त्ये त्योच सांगल," असं ती खेकसायची.

माघात शेजारच्या सोनाबाईने आपला तांबड्या आणला. ट्रेलरचं चाक चाटून जाऊन त्याच्या पुढच्या पायाचं हाड मोडलं होतं. तांबड्या साधा बोकड नव्हता, नवसाचा होता. सोनाबाईचा सुजित गाडी उलटून दवाखान्यात बेशुद्ध पडला होता, तेव्हाचा नवस. आणि तो बोलायला लावला कोणी? ठमीनेच. दवाखान्याच्या दारात सोनाबाईचा हात धरून तीच म्हणाली होती, "बोल बाय, देवीला बोकड बोल." सुजित उठला, आता पुन्हा गाडीवर जातो.

"चैत्रात जत्रा हाय," सोनाबाई म्हणाली. "खोड असलेला देवीला चालत न्हाय. लंगडा ऱ्हायला तर मी दुसरा आनीन, ह्यो तुझ्याच दारात राहू दे."

पाय सरळ जुळला तर तांबड्याची मान जाणार, वाकडा जुळला तर तो जगणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि पट्टी ठमीच्या हातात. नवस खोटा पडावा असंही तिला म्हणवेना. सुजितला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

नवव्या दिवशी पट्टी बदलायला तिने कामट्या सोडल्या. हाड अजून कच्चं होतं. जरासं सरकवलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. तिने अंगठा ठेवला. पहिल्या दिवशी तिच्यावर शिंगं उगारणारा तो बोकड तिच्या मांडीवर हनुवटी टेकून रवंथ करत होता. त्याने पाय ओढूनसुद्धा घेतला नाही. वाकडं जुळलेलं हाड जनावराला जन्मभर कसं छळतं ते ठमीने पाहिलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने हाड नीट धरलं, कामट्या सरळ बांधल्या आणि मग तिथेच बसून रडली.

सहा आठवड्यांनी कामट्या निघाल्या. तांबड्या भीतीने पाय टेकेना. म्हणून ती रोज उंबराचा पाला हातात धरून पुढे चालायची आणि तो एकेक पाऊल टाकत मागे यायचा. आधी अंगणात, मग गल्लीत, मग तळ्यापर्यंत.

जत्रेच्या सकाळी सोनाबाई आणि सुजित हार घेऊन दारात आले.

"कसा हाय?" सोनाबाईने विचारलं.

"अजून पाय ओढतो जरा," ठमी म्हणाली. बांधलेल्या पायाबद्दल ती जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली.

सुजितने दावं ओढलं. तांबड्या चारी पाय रोवून उभा, जागचा हलेना. ठमीचा जीव भांड्यात पडला.

"असा न्हाय येयाचा त्यो," सोनाबाई म्हणाली. "ठमे, तू पुढं हो. तुझ्या मागं येतो, सगल्या गावानं बगलंय. देवलापर्यंत चल, पायाचं पन कलंल."

ठमीने सुजितकडे पाहिलं. तो धडधाकट उभा होता, कपाळावर टाक्यांची खूण घेऊन. नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं.

तिने उंबराची डहाळी मोडली आणि चालायला लागली. देवळाचा रस्ता डांबरी. एकदाही मागे न बघता ती कान देऊन चालली होती, एखादं तरी पाऊल लंगडं पडावं म्हणून. मागे चारही खूर सारखे वाजत होते.