आण्णांच्या रक्तातला आकडा

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. सूक्ष्मजीवशास्त्राची. मिरजेत रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी होती, आणि फलटणकडच्या गावातून वडिलांना, आण्णांना, मी माझ्या दोन खोल्यांत आणून ठेवलं होतं. दोघांचेही कोरोनाच्या लसीचे दोन डोस झालेले. एकदा सहज त्यांच्या अँटीबॉडी तपासल्या. आकडा पुरेशा मानल्या जाणाऱ्या रेघेच्या खाली.

लस त्यांच्या अंगी लागलीच नाही, असं मी ठरवून टाकलं. कामावर जाताना बाहेरून कडी लावू लागले. त्यांच्या चपलाही कपाटात कुलपात ठेवल्या.

"पोरी, अठरा वर्सं फौजेत काडली, कोठडी कवा बघितली न्हाई. ती तू दावलीस."

"आण्णा, आवं आकडा कमी हाय तुमचा."

"मग वाढीव की. शिकलीस न्हवं?"

दिवसभर ते खिडकीत बसायचे. समोर सतारीच्या कारखान्यात भोपळे टांगलेले. "ते बी माज्यासारकंच," म्हणायचे, "टांगून वाळत्यात."

ताप घरात आला तो माझ्याच अंगातून. आधी माझी चाचणी पॉझिटिव्ह, मग त्यांची. आता दोघंही आत. त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून मी बसून राहायची. ज्याच्या भीतीनं कडी लावली, ते मीच आत आणलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी खोकून बेजार, आणि स्वयंपाकघरातून आण्णांची हाक : "बेसन कुटं ठेवलंयस गं?" पिठलं करून ते दोन भाकरी जेवले.

तेव्हा आठवलं. रक्तातल्या अँटीबॉडी उतरल्या तरी लसीची ओळख ठेवणाऱ्या पेशी मागं राहतात. विषाणू आला की त्या जाग्या होतात, नव्या अँटीबॉडी करायला घेतात. दुसऱ्या काही पेशी लागण झालेल्या पेशींनाच मारतात. आमच्या तपासणीत यातलं काहीच दिसत नव्हतं. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं, पैकीच्या पैकी गुण घेऊन. आण्णांचं दुखणं हलकं गेलं ते त्यामुळंच, असं छातीठोक सांगणार नाही. पण एका आकड्यावर माणूस कोंडायला नको होता.

त्यांची विलगीकरणाची मुदत संपली, माझा ताप रेंगाळला. अंथरुणातूनच मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे पलटण आत राखीव व्हती, आन तू नुसतं गेटावरचं शिपाई मोजलंस?"

"व्हय."

"मग चपला दे."

मी किल्ली दिली. थोड्या वेळानं खिडकीतून बघितलं, तर आण्णा सतारवाल्यापाशी उभं राहून भोपळ्यावर टिचक्या मारत होते. हाक मारावी म्हणून दाराशी गेले.

कडी बाहेरून लावलेली होती.