न कापलेली पानं

भुतंखेतं, अंगात येणं, दृष्टान्त... यातलं काही मी कधीच मानलं नाही. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, पोरांना विज्ञान शिकवायचे. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी चालेल. हे मी भीतीने नाही, लाजेने लिहितेय.

१९९८चा उन्हाळा. आमचं घर मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अलीकडे. थोरल्या जाऊबाईंना छातीचा कॅन्सर होता. मुंबईला ऑपरेशन झालं, पण दुखणं परत उलटलं. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून दुपारी मी त्यांना वाचून दाखवायचे. शहापूरच्या पुस्तक प्रदर्शनात एका बाईचं आत्मकथन मिळालं – तिचा कॅन्सर आणि त्या काळात घरची माणसं तिच्याशी कशी वागली, याबद्दलचं. अगदी कोरी प्रत. जाऊबाई मन लावून ऐकायच्या. "माज्यासारकीच हाय गो ही," म्हणायच्या.

एका प्रकरणात त्या बाईच्या पुतणीचं लग्न निघालं. पहिल्याच पानावर धाकटी जाऊ तिला सांगते, "हळदीच्या दिवशी तुम्ही आराम करा."

माझी जीभ अडखळली. आठवड्यावर माझ्या मुलीचं लग्न होतं, आणि जाऊबाईंना सांगायला हेच शब्द मी मनात जुळवून ठेवले होते. जाऊबाई सवाष्ण, माझी मुलगी त्यांच्याच कडेवर वाढलेली. पण आमच्याकडे पाच सवाष्णी मुसळाला हात लावून हळद कुटतात, आणि असल्या दुखण्याचा हात नवरीच्या हळदीला नको, असं मला वाटत होतं. भुतं न मानणारी मी, हे मात्र मानत होते!

पुढची चार पानं छापखान्यात कापायची राहून गेली होती – वरून आणि कडेने जोडलेली. बरंच झालं म्हटलं, आणि थेट पुढचं प्रकरण वाचायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. खाटेवरून त्या आपणहूनच म्हणाल्या, "त्या बायला मागल्या खोलीत बसवली ना गो, हळदीच्या टायमाला?"

"कोणाला?"

"तुज्या पुस्तकातल्या. हिरवं लुगडं नेसून बसली बिचारी. भायेर बायांची गानी चालली, ही खाटेवर हातानं ताल धरतेय. तं बांगडीच फुटली. कुनी बघितली तं अपशकुन म्हनतील, म्हनून काच पदरात बांदून ठेवली."

"हे... तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मंग जाव आली, नि हाताला धरून घेऊन गेली तिला," एवढं बोलून त्या कुशीवर वळल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन विळीवर ती पानं कापली. मागची खोली, हिरवी साडी, ताल, पदरात बांधलेली काच... सगळं जसंच्या तसं. फक्त शेवट वेगळा होता. पुस्तकात तिला न्यायला कोणीच येत नाही.

हळदीच्या दिवशी मी जाऊबाईंच्या खोलीत गेले. त्या हिरवं लुगडं नेसून तयारच बसल्या होत्या. "येळ लावलास गो," एवढंच म्हणाल्या आणि हात पुढे केला. मांडवात दोघी-तिघी कुजबुजल्या. जाऊबाईंनी मुसळ धरलं तेव्हा माझ्या लेकीच्या फुललेल्या चेहऱ्याकडे मी बघितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाऊबाई त्याच वर्षी दिवाळीआधी गेल्या. लेक सुखात नांदतेय. ती पानं त्यांना कशी कळली, याचे तर्क खूप लढवले... एकही पटत नाही. शेवट त्यांनी का बदलला, ते मात्र मला विळीपाशीच कळलं होतं.

गावात बाया अजून म्हणतात, "धाकटीचं मन मोठं हो, आजारी जावेला मानानं मांडवात आनली." मी मान खाली घालून ऐकून घेते. मी तर ती पानं कापणारसुद्धा नव्हते.