खुर्च्या कमी म्हणून अडवलेला संघ

युरो हे चलन नुकतंच आलं होतं तेव्हा म्युनिकमध्ये आमच्या शेजारी एक इंग्रज राहायचा. त्याच्या गावचा रग्बी संघ इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत पहिला आला, तरी त्याला वरच्या श्रेणीत घेतलं नाही. कारण काय, तर मैदानात प्रेक्षकांना बसायला खुर्च्या कमी! बिचारा आमच्या सोफ्यावर बसून रडला. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी तावातावाने जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या दारात नेऊन ठेवल्या.

"अगं, हे काय?" आमचे हे ओरडले.

"अहो, पाठवा तिकडे! खेळाडू जिंकलेत ना? मग खुर्च्यांनी काय धावा काढायच्या होत्या?"

"रग्बीत धावा नसतात गं."

"नसू देत! अन्याय तर असतो ना?"

परवा हे सगळं पुन्हा सांगताना मी तशीच चिडले, तेव्हा नात म्हणाली, "आजी, सोड ना आता."

का सोडू? पहिले आले होते ते!