शांताबाईंनी हलवलेला सात नंबर

शांता घाडी गेली एकतीस वर्षं परळच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या आयाबाई होत्या. थिएटरात नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं, बाई दिवसभर कापाकापी बघत उभी असेल. छे हो! त्यांचं खरं काम दाराच्या अलीकडचं. बाई पेशंट असली की तिच्या बांगड्या उतरवायच्या, मंगळसूत्र नवऱ्याच्या हातात द्यायचं, खोटे दात डबीत ठेवायचे आणि सगळ्यात शेवटी कपाळ पुसायचं.

कपाळाच्या बाबतीत शांताबाईंचा कायदा वेगळा होता. नियमाप्रमाणे कुंकू, टिकली सगळं वॉर्डातच काढायचं असतं. शांताबाई ते थिएटरच्या आतल्या दारापाशी काढत. बाहेर कॉरिडॉरमध्ये नवरा, मुलं, सुना उभ्या असतात, त्यांच्यासमोरून कुणा सवाष्णीला मोकळ्या कपाळानं न्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. "जीव राहायचा की नाही ते डॉक्टर बघतील," त्या म्हणत, "पण ट्रॉलीवरून नेताना तरी बाई बाईसारखी दिसू दे." डॉक्टरांना हे ठाऊक होतं. ते तिकडे बघत नसत. दर्शना सिस्टर, म्हणजे थिएटरच्या इन्चार्ज, महिन्यातून एकदा ओरडत आणि मग त्यासुद्धा बघत नसत.

मग ते मशीन आलं. त्याच्या उद्घाटनाला ट्रस्टी आले. थिएटरात नारळ फोडता येत नाही म्हणून तो खाली गेटपाशी फोडला आणि खोबरं लिफ्टनं वर आलं. कंपनीचा इंजिनीअर वैभव कडक इस्त्रीच्या शर्टात हजर होता. त्यानं सांगितलं, गाडी चालवताना फोनवर नकाशा बघतो ना, तसं हे डोक्याच्या आतलं. डॉक्टरांच्या हातातलं हत्यार मेंदूत नेमकं कुठं पोचलंय ते पडद्यावर दिसणार, मिलिमीटरच्या हिशोबानं.

"म्हणजे इतकी वर्षं हे लोक आत रस्ता विचारत विचारत जात होते काय?" शांताबाईंनी कपाटाआडून विचारलं. त्यांना नकाशाचा अनुभव होता. मागच्याच महिन्यात टॅक्सीवाल्याच्या फोननं त्यांना नायगावात त्यांच्याच पाडलेल्या चाळीच्या पत्र्यासमोर नेऊन सोडलं होतं आणि वर "तुम्ही पोहोचलात" असंही सांगितलं होतं.

दोन दिवस ट्रेनिंग झालं. ते डॉक्टरांना आणि सिस्टरांना, ए.सी. हॉलमध्ये, पडद्यावर चित्रं दाखवून. आयाबाई आणि वॉर्डबॉय यांना बसायला खुर्च्या कमी पडल्या, म्हणून ते बाहेर थांबले. संध्याकाळी उरलेले बटाटेवडे मात्र त्यांना आठवणीनं दिले. एवढ्या ट्रेनिंगवर शांताबाई नव्या युगात दाखल झाल्या.

त्यात नलूबाई विजयकर आल्या. गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातल्या, वय सहासष्ट, अंगानं चिमणी आणि तोंडानं आगगाडी. डोक्यात डाव्या बाजूला गाठ निघाली होती. ऑपरेशन करणाऱ्या ऋता मॅडम त्यांच्या यजमानांना, शशिकांतरावांना, वॉर्डात समजावत होत्या तेव्हा शांताबाई पलंगाशी उभ्या होत्या. "गाठ साधी आहे," मॅडम म्हणाल्या, "पण बोलणं जिथून येतं त्या जागेला खेटून आहे. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर वाचा जाऊ शकते. म्हणून तर हे मशीन वापरतोय."

शशिकांतरावांनी मान डोलावली. पस्तीस वर्षं ऑफिसात फायली लिहिलेला माणूस, घरी बोलायचं सगळं काम बायकोवर सोपवून बसलेला. मॅडम गेल्यावर त्यांनी शांताबाईंना बाजूला घेतलं. "तिचा आवाज नसला तर आमच्या घरात घड्याळाशिवाय काही वाजत नाही हो," ते म्हणाले आणि डोळे पुसायला खिडकीकडे वळले.

आणि दोन दिवसांत नलूबाईंनी शांताबाईंनाही लळा लावला. सांबाऱ्यात चिंच कधी घालायची, शांताबाईंच्या सुनेला कसं गप्प करायचं, डॉक्टरणीची साडी कुठल्या दुकानातली असणार, काही म्हणता काही सोडलं नाही. शांताबाईंना एरवी बडबडी माणसं आवडत नसत. पण ही आवडली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नलूबाईंच्या कपाळावर नि डोक्यावर आठ गोल चिकटपट्ट्या लावल्या, प्रत्येकीला नंबर. प्रत्येकीभोवती जांभळ्या पेनानं गोल काढला आणि मग एमआरआय झाला. त्या पट्ट्या फोटोत दिसतात. दुसऱ्या दिवशी थिएटरात डॉक्टर एका काठीचं टोक एकेका पट्टीला लावतात आणि वरचा दोन डोळ्यांचा कॅमेरा फोटोतलं डोकं आणि टेबलावरचं डोकं जुळवून घेतो. म्हणून एकदा लावलेल्या पट्टीला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. हे सगळं ए.सी. हॉलमध्ये सांगितलं होतं.

सकाळी साडेसहाला नलूबाई रडवेल्या झाल्या. सात नंबरची पट्टी बरोबर कुंकवाच्या जागेवर बसली होती. "शांता, हे बाहेर उभे आहेत गं. लग्न झाल्यापासून यांनी मला मोकळ्या कपाळानं बघितलेलं नाही. आजच बघायचं होतं का?"

शांताबाईंचं काळीज हललं. "एवढंच ना?" त्या म्हणाल्या. पट्टी नखानं अलगद काढली, अर्धं बोट वर, जराशी उजवीकडे लावली आणि नीट दाबली. खाली जांभळा गोल उरला होता, तोही स्पिरिटनं स्वच्छ पुसला, कारण अर्धवट काम करायची त्यांना सवयच नव्हती. मग नलूबाईंच्या डबीतलं मेण लावून त्यावर ठसठशीत कुंकू लावलं. कॉरिडॉरमध्ये शशिकांतरावांनी बायकोचा हात हातात घेतला, तिच्याकडे बघून हसलेसुद्धा. आतल्या दारापाशी शांताबाईंनी ओल्या गॉजनं कपाळ पुसलं. पट्टी होती तिथं राहिली. कपाळ तेच, पट्टी तीच, बिघडतंय काय?

साडेआठला नलूबाई झोपल्या. तीन खिळ्यांच्या चिमट्यात डोकं घट्ट बसलं. ऋता मॅडमनी काठी एकेका पट्टीला लावली. वैभव पडद्यासमोर बसून आकडा वाचणार होता. हा आकडा म्हणजे फोटो आणि डोकं यांच्यातली चूक. ती दोन मिलिमीटरच्या आत लागते.

"साडेतीन," वैभव म्हणाला.

पुन्हा केलं. साडेतीन. वैभवनं कॅमेरा पुसला, वायर हलवली, मशीन बंद करून चालू केलं. घरचा टीव्ही बिघडल्यावर आपण जे करतो तेच सगळं, फक्त इंग्रजीत. मग म्हणाला, "मॅडम, तीन नंबर, कानामागचा. चिमट्यामुळे तिथली कातडी ओढली गेली असणार. तो वगळूया."

तीन नंबर वगळला. आकडा आला दोन पॉइंट सहा.

"मला दोनच्या आत हवाय," ऋता मॅडम म्हणाल्या.

"मागच्या केसला दोन पॉइंट चार होता मॅडम, छान झाली की केस. मशीन अ‍ॅक्सेप्ट म्हणतंय."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. भूल देऊन झाली होती, वेळ जात होता. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "सांभाळून जाऊ."

भिंतीपाशी बादली घेऊन उभ्या असलेल्या शांताबाईंना इंग्रजी कळत नव्हतं असं नाही. एकतीस वर्षांत थिएटरातलं इंग्रजी भिंतीलासुद्धा कळतं. पट्टी, नंबर, जागा चुकली, दोन मिलिमीटर.  बोलायचं म्हणजे काय होणार ते त्यांना स्पष्ट दिसत होतं: सगळ्यांसमोर शोभा, चौकशी, थिएटर सुटणार. न बोलायचं म्हणजे काही होणार नव्हतं. कुणाला कळणारच नव्हतं. खूण त्यांनी स्वतःच पुसली होती. नाव मशीनचं आलं असतं, नाहीतर कानामागच्या कातडीचं. फक्त नलूबाई उठून कदाचित बोलल्या नसत्या. भीती वाटली, खूप वाटली. एरवी ट्रस्टींनाही उलट उत्तर देणारी बाई, बादलीची कडी घट्ट धरून उभी राहिली.

मॅडमनी सुरीसाठी हात पुढे केला.

"मॅडम, थांबा!" शांताबाई ओरडल्या. बादली हातातून सुटली, थिएटरभर आवाज झाला. "कानामागचं नाय. सात नंबर. तां मियां हलवलंय."

थिएटरात त्या कधी मालवणी बोलत नसत.

सगळे वळले. दर्शना सिस्टरांचे डोळे मास्कवरून बाहेर येतील असे झाले. ऋता मॅडमनी फक्त विचारलं, "किती?"

"अर्धं बोट. वर. नि थोडं उजवीकडं."

"का?" असं वैभव म्हणाला, पण त्याला उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता. त्यानं सात नंबर वगळला, तीन परत घेतला. पडद्यावर आकडा बदलला. एक पॉइंट एक.

मॅडमनी काठीचं टोक नाकाच्या शेंड्याला लावलं, मग डोळ्याच्या कडेला. पडद्यावरही शेंडा आणि कडच दिसली. "चला," त्या म्हणाल्या. शांताबाईंकडे त्यांनी बघितलं नाही. दर्शना सिस्टरांनी मात्र बोटानं दार दाखवलं.

गाठ सगळी निघाली. संध्याकाळी शांताबाईंच्या हातात मेमो पडला: दिलेल्या ट्रेनिंगचं पालन न केल्याबद्दल. चौकशी होईपर्यंत त्यांची बदली तळघरात, चादरी-गाऊनच्या खोलीत. वॉर्डात आणि पेशंटजवळ जायला मनाई. थिएटरच्या दारावर नवी सूचना लागली की नेव्हिगेशनच्या, म्हणजे या मशीनच्या, साहित्याला चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांनी हात लावू नये. आणि कंपनीच्या पुढच्या पत्रकात वैभवचा फोटो आला. चुकीची पट्टी वेळेत ओळखून वगळण्याची सोय या मशीनमध्ये आहे, असं खाली छापलं होतं. खोटं म्हणता येणार नाही. सोय होतीच की, भिंतीपाशी उभी होती.

पण हे सगळं शांताबाईंच्या डोक्यात शिरलंच नाही. कारण नलूबाई बोलत नव्हत्या. डोळे उघडले, हात हलवला, नवऱ्याला ओळखलं, पण शब्द नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. ऋता मॅडम म्हणत होत्या, सूज आहे, उतरेल. तळघरात येणारी प्रत्येक आयाबाई बातमी आणायची आणि बातमी तीच असायची. चादरींच्या घड्या घालता घालता शांताबाई त्या सकाळपासूनचं सगळं पुन्हा करून बघत. एवढ्यासाठी आपण हे केलं? एका कुंकवासाठी? 

तिसऱ्या दिवशी दुपारी चौथ्या मजल्यावर चादरी पाठवायच्या होत्या आणि न्यायला कुणी नव्हतं. शांताबाईंनी गठ्ठा उचलला. मनाई वॉर्डात जायची होती, कॉरिडॉरबद्दल मेमोत काही नव्हतं. नलूबाईंच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. त्या चार पावलं अलीकडे थांबल्या. आतून चमच्याचा आवाज येत होता, शशिकांतराव भरवत असावेत. बाकी शांत.

"अहो, ही पेज आहे की कांजी?" आतून आवाज आला, घोगरा, थकलेला, पण शब्द न् शब्द स्पष्ट. "मीठ कुणी घालायचं यात? आणि हसताय काय? रडताय की हसताय? ती शांता कुठे मेली? तीन दिवस झाले, तोंड दाखवलं नाही मेलीनं!"

शांताबाईंनी चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसलं. खांदे गदगदा हलत होते. समोरून दर्शना सिस्टर येत होत्या. त्या थबकल्या, शांताबाईंकडे बघितलं, मग भिंतीवरच्या आगीच्या सूचना मन लावून वाचायला लागल्या.

"शांता!" आतून पुन्हा हाक आली.

"हयच आसंय गो बाय," शांताबाई चादरीत म्हणाल्या, अगदी हळू, आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं. मग डोळे पुसले, गठ्ठा वॉर्डाबाहेरच्या टेबलावर ठेवला आणि लिफ्टनं खाली गेल्या.