शेळीवाल्याचा प्रवेश

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली, आणि भोरात नाटक लिहून दाखवणारीही पहिलीच. गर्व होता, अजून आहे. म्हणूनच हे लिहिणं जड जातंय.

आबांनी, माझ्या वडिलांनी, जन्मभर शेरडं राखली. तरुणपणी भाटघर धरणाच्या पाण्याकडेला एका मोठ्या नाटककारांची मोटार बंद पडली होती. आबांनी त्यांना शेळीचं दूध काढून दिलं आणि मोटार चालू होईस्तोवर दोघं बोलत बसले. आबा हे येईल त्याला सांगायचे. गोष्ट दुधापाशी आली की मी म्हणायचे, "आबा, पुरे." मला ती थाप वाटायची. त्या नाटककारांशी नातं सांगणारे गावोगाव होते. त्यांच्यावरच मी विनोदी नाटक लिहिलं. त्यात किकवीचा चहावाला, भोरचा न्हावी आणि एक शेळीवाला.

आमच्याकडं सत्काराशिवाय पडदा उघडत नाही. लेखिकेचे वडील म्हणून आबांना स्टेजवर फेटा बांधला, नारळ दिला, पहिल्या रांगेत बसवलं.

शेळीवाला आला. "माज्या शेळीचं दूध प्वाटात गेलं, तवा त्येंना नाटक सुचलं! न्हाईतर बसलं आसतं मोटार ढकलीत!"

लोक हसून आडवे झाले. थोरल्या चुलतीनं आबांना कोपरानं ढोसलं. "आवो भावजी, ह्ये तर तुमीच की!"

"व्हय, म्याच," आबा हसत म्हणाले. पुढच्या हशाला ते हसले नाहीत. बसल्या बसल्या फेटा सोडायला लागले. "गरम व्हतंय," म्हणाले.

पुढं एकदा कॉलेजातले एक सर त्या नाटककारांच्या आठवणी गोळा करत आमच्या दारी आले. मीच म्हणाले, "आबा, सांगा की."

"छ्या! म्या कुठं बगितलंय त्येंना? नाटकातलं हाय त्ये. पोरीला इचारा, तिनं लिवलंय."

खोटं सांगताना आबांची नजर खाली जायची. तशीच तेव्हा गेली. त्या दिवशी कळलं की गोष्ट खरी होती.

मी नंतर किती वेळा विचारलं. "शेरडांला पाणी दाव आदी," एवढंच म्हणायचे.

गेल्या वर्षी आबा गेले. दहावा झाल्यावर मी चुलतीला विचारलं, "काकू, ते दोघं काय बोलले होते गं? तुला तर सांगितलं असेल."

ती म्हणाली,

"सांगितलं व्हतं, बाई. लई येळा. पर आता आठवाया गेलं की तुज्या नाटकातलंच त्वांडात येतंय."